हृदय-साहाय्यक पंप व जठरांत्र रक्तस्राव

हृदय-साहाय्यक पंप व जठरांत्र रक्तस्राव : निकामी होत चाललेल्या हृदयास मदत म्हणून छातीत बसविलेला यांत्रिक पंप चालू असताना जठर वा आतडी यांतून होणारा रक्तस्राव. असा पंप बसविलेल्या रुग्णास पुन्हा रुग्णालयात यावे लागण्याच्या प्रमुख कारणांपैकी हे एक आहे. अखंड प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपांच्या निरनिराळ्या रुग्णमालिकांत त्याचे प्रमाण सु. १५ ते ३० टक्के आढळले आहे. वैद्यकाच्या दृष्टीने या विकाराचे महत्त्व एवढ्यावरच संपत नाही. पंप बिघडल्यामुळे हा रक्तस्राव होत नाही; पंप उत्तम रीतीने चालत असताना, किंबहुना तो ज्या रीतीने चालतो तिच्यामुळेच, तो होतो. हे कसे घडते याचा उलगडा होण्यास मात्र एका अगदी निराळ्या विकाराविषयीचे जुने आणि बराच काळ दुर्लक्षित राहिलेले निरीक्षण उपयोगी पडले.

पंपाची रचना व विकास : हृदयाचे डावे निलय (खालचा डावा कप्पा) फुप्फुसांकडून आलेले शुद्ध रक्त महारोहिणीत ढकलते. हे निलय दुर्बल झाले आणि औषधांचा उपयोग होईनासा झाला, म्हणजे हृदय प्रतिरोपण (दात्याचे हृदय बसविणे) हा एक मार्ग उरतो. दाते थोडे आणि गरजू पुष्कळ अशी स्थिती सर्वच देशांत असल्यामुळे यांत्रिक पंपाची गरज भासली. पंपाचे एक तोंड डाव्या निलयाच्या टोकाशी छिद्र पाडून बसवितात व दुसऱ्या तोंडापासून निघालेली नळी महारोहिणीला जोडतात. पंपाला वीज पुरविणारी केबल पोटाच्या त्वचेतून बाहेर येते आणि कमरेच्या पट्ट्यावरील नियंत्रक व विद्युत्‌ घटमाला यांना जोडलेली असते. रुग्णाचे स्वतःचे हृदय जागेवरच राहते.

अमेरिकन शल्यविशारद मायकेल डेबेकी यांनी १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे शरीराबाहेर ठेवलेल्या अशा पंपाच्या साहाय्याने एका रुग्णाचे हृदय सावरेपर्यंत काम भागविले. पुढील तीन दशकांतील बहुतेक पंप हृदयाचीच नक्कल करणारे, म्हणजे पडद्याच्या हालचालीने रक्त आत घेणारे व ठोक्यासरशी बाहेर टाकणारे होते. प्रतिरोपणास अपात्र ठरलेल्या १२९ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पंपावर असलेल्यांपैकी ५२ टक्के रुग्ण वर्षअखेर जिवंत होते, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के. पंपाची उपयुक्तता अशी सिद्ध झाली. तथापि हा पंप एक किलोग्रॅमहून जड होता, त्याचा आवाज येई आणि त्याचे भाग दीड-दोन वर्षांत झिजून जात.

दुसरा मार्ग ठोक्याची नक्कल सोडून देण्याचा होता. अमेरिकन वैद्य रिचर्ड वॅम्प्लर यांनी १९७० नंतरच्या दशकात ईजिप्तमधील एका खेड्यात आर्किमिडीजच्या मळसूत्राने पाणी उपसले जात असलेले पाहिले व त्यावरून फिरत्या पंपाची कल्पना त्यांना सुचली. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांत रक्तपेशी फुटून जातील अशी भीती तेव्हा सर्वत्र व्यक्त होत असे. वॅम्प्लर यांचा मिनिटाला सु. २५,००० फेरे घेणारा, थोड्या दिवसांपुरता वापरावयाचा पंप १९८८ मध्ये ह्यूस्टन येथे प्रथम माणसात वापरला गेला आणि ही भीती अनाठायी ठरली. त्याच तत्त्वावरील, कायम बसविता येणारा ‘हार्टमेट २’ हा सु. ३०० ग्रॅ. वजनाचा पंप अमेरिकेत २००८ मध्ये प्रतिरोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांसाठी व २०१० मध्ये प्रतिरोपणास अपात्र रुग्णांसाठी मान्य झाला. तो मिनिटाला साधारणपणे ८,००० ते १०,००० फेरे घेऊन अखंड धार वाहती ठेवतो. त्यामुळे पुष्कळ रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही आणि नेहमीच्या उपकरणाने रक्तदाब मोजता येत नाही. तो मोजण्यास डॉप्लर उपकरण वापरावे लागते. पेशी फुटतील ही भीती खोटी ठरली, पण पेशींहून किती तरी लहान अशा एका गोष्टीकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नव्हते.

रक्तस्रावाची नोंद : फिरते पंप वापरात आल्यावर थोड्याच वर्षांत त्यांच्या रुग्णांना काळसर, डांबरासारखा मल होऊ लागल्याचे दिसून आले. आतड्यातील सदोष रक्तवाहिन्यांतून असा रक्तस्राव होत असल्याचे ह्यूस्टन येथील वैद्यांनी २००५ मध्ये नोंदविले. ठोके देणारे व अखंड प्रवाहाचे पंप यांची तुलना करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शंभर रुग्ण-वर्षांमागे जठरांत्र रक्तस्रावाच्या घटना ठोके देणाऱ्या पंपांच्या गटात ६.८, तर अखंड प्रवाहाच्या गटात ६३ इतक्या भरल्या.

प्रथमदर्शनी याचा दोष औषधांना दिला गेला. नव्या पंपात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णास वॉर्फारिन हे क्लथनरोधी (रक्त गोठण्यास विरोध करणारे) औषध आणि ॲस्पिरीन अशी दोन्ही रोज घ्यावी लागत. जुन्या पंपाचा आतील पृष्ठभाग मुद्दाम खरबरीत केलेला असे, त्यावर पेशींचे अस्तर चढे व वॉर्फारिनची गरज सहसा पडत नसे. हे स्पष्टीकरण खोटे नव्हते, पण अपुरे होते. ही औषधे थांबवूनही अनेकांचा रक्तस्राव पुन्हापुन्हा होत राहिला. उलटपक्षी कृत्रिम झडपा बसविलेले असंख्य रुग्ण वर्षानुवर्षे वॉर्फारिन घेत असूनही त्यांच्यात इतक्या प्रमाणात असा विकार आढळत नव्हता.

हाइड संलक्षण : अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील व्हँकूव्हर या गावी वैद्यकी करणारे एडवर्ड सी. हाइड यांनी १९५८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकाच्या संपादकांना एक छोटे पत्र लिहिले. महारोहिणीची झडप चुनखडीसारखी कठीण होऊन अरुंद झालेल्या निदान दहा वृद्ध रुग्णांत आपणास कारण न सापडणारा मोठा जठरांत्र रक्तस्राव आढळला असून इतरांचा असाच अनुभव आहे काय, अशी त्यात पृच्छा होती. हृदयाची झडप आणि आतडे यांचा संबंध काय असावा हे कोणालाच सांगता येईना. वृद्धांत दोन्ही विकार सामान्य असल्याने हा योगायोग असावा, असे अनेकांचे मत पडले. मात्र झडप बदलल्यावर रक्तस्राव थांबतो, हे शल्यविशारदांना पुढे वारंवार दिसू लागले. कॅनडातील थिओडोर वॉर्केंटिन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये या कोड्याचे उत्तर सुचविले आणि फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी २००३ मध्ये त्याला भक्कम पुरावा दिला. झडप बदलताच काही तासांपासून एखाद्या दिवसात रक्तातील एका प्रथिनाचा दोष नाहीसा होतो, असे त्यांना आढळले. एका गावातील वैद्याच्या पत्राला उत्तर मिळण्यास पंचेचाळीस वर्षे लागली, ही गोष्ट वैद्यकाच्या इतिहासात विलक्षण असली, तरी एकमेव नाही.

कारणमीमांसा : हे प्रथिन म्हणजे फोन व्हिलेब्रांट घटक होय. एरिक फोन व्हिलेब्रांट या फिनिश वैद्यांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील एका कुटुंबातील आनुवंशिक रक्तस्रावी रोगाचे वर्णन केले, त्यावरून त्याला हे नाव मिळाले. रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातील पेशी हा घटक तयार करतात. त्याचे एकक सु. २,०५० ॲमिनो अम्लांचे असते व अशी अनेक एकके एकापुढे एक जोडली जाऊन अतिशय लांब साखळ्या बनतात. संथ प्रवाहात अशी साखळी लोकरीच्या गुंड्याप्रमाणे गुंडाळलेली असते. वाहिनीला इजा झाली की उघड्या पडलेल्या तंतूंना ती चिकटते, वेगवान प्रवाहाच्या ओढीने उलगडते आणि वाहत्या बिंबाणूंना (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशीखंडांना) पकडून जखमेच्या तोंडाशी त्यांचा थर लावते. बारीक रोहिण्यांत, जेथे प्रवाहाची ओढ सर्वांत जोराची असते तेथे, हे काम केवळ सर्वांत लांब साखळ्यांनाच साधते. [→ रक्तक्लथन].

साखळ्या अतोनात वाढल्या तर रक्त नको तेथे गोठेल. म्हणून त्या कापून लहान करणारे ‘ॲडम्‌टीएस-१३’ नावाचे एंझाइम रक्तात असते. साखळीतील कापण्याची जागा एरवी घडीत दडलेली असते व साखळी ताणली गेली तरच उघडी पडते. ही योजना निरोगी शरीरात उत्तम चालते. पण अरुंद झडपेतून रक्त चिळकांडीसारखे सुटते तेव्हा, किंवा पंपाच्या पात्या व वेष्टन यांमधील चिंचोळ्या फटीतून ते घुसते तेव्हा, लगतच्या थरांच्या वेगांत मोठा फरक पडून रक्तातील प्रत्येक रेणूवर कर्तन प्रतिबल (थर एकमेकांवरून घसरताना पडणारा ताण) निर्माण होते. जखम नसतानाच साखळ्या उलगडतात, एंझाइम त्यांना कापते आणि आखूड तुकडे उरतात. शरीरातील सर्व रक्त साधारण दर मिनिटाला एकदा पंपातून जात असल्याने हे काम अहोरात्र चालू राहते. रक्तातील या घटकाचे एकूण प्रमाण मोजले तर ते पुष्कळदा प्राकृत भरते, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. उणीव प्रमाणाची नसून लांबीची असते, त्यामुळे नेहमीच्या तपासणीत ती निसटते.

न्यूयॉर्कमध्ये हार्टमेट २ बसविलेल्या रुग्णांची तपासणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तपासलेल्या प्रत्येक रुग्णात लांब साखळ्या उणावलेल्या होत्या व प्रतिरोपणानंतर त्या पूर्ववत झाल्या. या निष्कर्षातून मात्र एक नवीच अडचण उभी राहिली. दोष जर सर्वांतच असेल, तर रक्तस्राव फक्त एक-चतुर्थांशांनाच का व्हावा? साखळ्या तुटणे ही आवश्यक पण अपुरी अट आहे, असेच यावरून म्हणावे लागते. रक्त जेथून वाहील अशी जागाही तयार व्हावी लागते.

ती जागा बहुधा वाहिनी-विस्फार या विकृतीने तयार होते. यात श्लेष्मकलेखालील केशवाहिन्या व लहान नीला रुंद, नागमोडी आणि पातळ भित्तीच्या होऊन कोळ्याच्या जाळ्यासारखे लाल ठिपके बनतात. वाढत्या वयात बृहदांत्रात अशा वाहिन्या का होतात याविषयी न्यूयॉर्कचे शल्यविशारद स्कॉट बोली यांनी १९७७ मध्ये एक उपपत्ती मांडली होती : आतड्याच्या स्नायूंच्या वारंवार आकुंचनाने नीला दबतात, रक्त तुंबते व वाहिन्या हळूहळू फुगतात. पंपाच्या रुग्णांत हे ठिपके जठर, ग्रहणी व लघ्वांत्राचा वरचा भाग यांत अधिक आढळतात आणि कित्येकदा थोड्या महिन्यांतच दिसू लागतात. त्यामुळे केवळ ही उपपत्ती येथे पुरत नाही. नाडीचा ठोका नाहीसा झाल्याने रसांकुरांच्या (लघ्वांत्राच्या आतील बोटांसारख्या सूक्ष्म वाढींच्या) टोकांना ऑक्सिजन कमी पडतो व त्यामुळे नव्या वाहिन्या फुटतात, असे एक मत आहे. दुसरे मत अधिक लक्षणीय आहे. लंडनमधील संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखविले की, फोन व्हिलेब्रांट घटक अंतःस्तराच्या पेशींत नव्या वाहिन्यांच्या वाढीला आवर घालतो आणि तो नसला की ती वाढ बेबंद होते. तसे असेल तर एकाच रेणूच्या हानीने वाहिन्या दुबळ्या होतात व त्या फुटल्यावर बुजतही नाहीत. पंपाच्या रुग्णांच्या रक्तात वाहिनीवाढीस चालना देणारे अँजिओपोएटिन-२ हे प्रथिन वाढलेले असते, ही गोष्ट या मताशी जुळते. वार्धक्य, मूत्रपिंडाचा विकार, हृदयाच्या उजव्या बाजूची दुर्बलता आणि पूर्वी झालेला जठरांत्र रक्तस्राव यांमुळे धोका वाढतो. सर्वच रक्तस्राव वाहिनी-विस्फाराचा नसतो. जठरव्रण, जठरशोथ, मोड येणे वा अर्बुद ही नेहमीची कारणे या रुग्णांतही असू शकतात.

लक्षणे व निदान : डांबरासारखा काळा मल, क्वचित रक्ताची वांती किंवा गुदावाटे लाल रक्त ही लक्षणे होत. पुष्कळदा रक्त इतके थोडे थोडे जाते की केवळ थकवा, चक्कर व पांडुरोग एवढेच आढळते. रक्त घटल्याने निलय पुरेसे भरेनासे झाले, म्हणजे पंप त्याची भित्ती स्वतःकडे ओढू लागतो व नियंत्रकावर धोक्याची सूचना उमटते. रक्तस्रावाची पहिली खूण कधीकधी अशी यंत्राकडून मिळते.

एंडोस्कोप नळीने जठर व बृहदांत्र पाहता येतात, पण मधले कित्येक मीटर लांबीचे लघ्वांत्र तिच्या आटोक्याबाहेर राहते. इझ्राएलचे अभियंते गाव्रिएल इद्दान यांची, गिळता येणाऱ्या गोळीत बसविलेल्या कॅमेऱ्याची कल्पना २००० मध्ये प्रत्यक्षात आली. जपानी वैद्य हिरोनोरी यामामोतो यांनी फुग्यांच्या साहाय्याने आतडे नळीवर गोळा करीत पुढे जाण्याची पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. या दोन्हींमुळे लघ्वांत्राची तपासणी शक्य झाली. पंपाच्या रुग्णाला चुंबकीय अनुस्पंदन तपासणी करता येत नाही.

उपचार : येथील मूळ अडचण अशी की, रक्तस्रावावरील जवळजवळ प्रत्येक उपाय पंपात गुठळी होण्याचा धोका वाढवितो. गुठळी झाली तर पंप बंद पडतो, किंवा तिचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. या कोंडीचे गांभीर्य लवकरच प्रत्ययास आले. रक्तस्रावाच्या भीतीने अनेक ठिकाणी क्लथनरोधी औषधांचे प्रमाण कमी केले गेले होते. त्यानंतर अमेरिकेतील तीन रुग्णालयांच्या ८३७ रुग्णांच्या पाहणीत असे आढळले की, हार्टमेट २ बसविल्यापासून तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचे प्रमाण मार्च २०११ पूर्वी २.२ टक्के होते, ते जानेवारी २०१३ पर्यंत ८.४ टक्क्यांवर गेले. या वाढीचे नेमके कारण वादग्रस्त राहिले, परंतु सैल केलेले औषधोपचार हे त्यांपैकी एक असावे असे अनेक तज्ञांनी मानले.

रक्तस्राव चालू असताना वॉर्फारिन व ॲस्पिरीन तात्पुरती थांबवितात. वॉर्फारिनचा परिणाम के जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने एकदम उलटविणे जीव धोक्यात असल्याखेरीज टाळतात. रक्त देणे भाग पडते, परंतु प्रतिरोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णात तेही निर्धास्तपणे करता येत नाही : परक्या रक्तातील पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व पुढे जुळणारे हृदय मिळणे दुरापास्त होते. म्हणून श्वेत कोशिका वेगळ्या केलेले रक्त, तेही गरजेपुरतेच, देतात व लोह शिरेवाटे पुरवितात. वाहणारा ठिपका सापडल्यास आर्‌गॉन वायूच्या ज्योतीने तो जाळतात किंवा लहान चिमटा लावून बंद करतात. एक ठिपका बुजविला तरी दुसरीकडे नवा फुटू शकतो, त्यामुळे या उपायाचे यश बहुधा तात्पुरते असते. पंपाचे फेरे थोडे कमी करून रुग्णाची स्वतःची महारोहिणी झडप अधूनमधून उघडू दिल्यास नाडीचा ठोका काही अंशी परत येतो. मात्र हृदय दुर्बल असल्याने याला मर्यादा आहेत.

वारंवार रक्तस्राव होणाऱ्यांत ऑक्ट्रिओटाइड हे आतड्याचा रक्तपुरवठा घटविणारे औषध टोचतात. काही ठिकाणी थॅलिडोमाइडचाही उपयोग करतात. गर्भवतींनी घेतल्यामुळे हजारो बालके अपंग जन्मास आल्याने १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीतील बाजारातून काढून घेतलेले हे कुप्रसिद्ध औषध नव्या वाहिन्यांच्या वाढीस विरोध करते; हाच गुण येथे उपयोगी पडतो. पंप नसलेल्या, पण लघ्वांत्रातील वाहिनी-विस्फाराने रक्तस्राव होणाऱ्या १५० रुग्णांवरील चीनमधील चाचणीत त्याचा फायदा २०२३ मध्ये सिद्ध झाला. पंपाच्या रुग्णांत ते सावधपणे वापरावे लागते, कारण त्याने गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. फोन व्हिलेब्रांट घटक बाहेरून देणे तर्कशुद्ध वाटते, पण पंप दिलेल्या साखळ्याही कापतो आणि गुठळीचा धोका मात्र पदरी येतो.

नव्या पंपांचा अनुभव : ‘हार्टमेट ३’ या पंपातील चक्र चुंबकीय बलाने अधांतरी तरंगते. फटी रुंद ठेवलेल्या असून फेरे मिनिटाला सु. ५,००० ते ६,००० असतात; शिवाय दर दोन सेकंदांनी वेग क्षणभर उतरवून व चढवून कृत्रिम ठोका निर्माण केला जातो. दोन्ही पंपांची तुलना करणाऱ्या १,०२८ रुग्णांच्या चाचणीचे अंतिम निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पंपात गुठळी होणे नव्या पंपात जवळजवळ नाहीसे झाले व पक्षाघात निम्म्यावर आले. जठरांत्र रक्तस्राव मात्र थोडाच घटला. दोन वर्षांत सु. एक-चतुर्थांश रुग्णांना तो झालाच. नव्या पंपात लांब साखळ्या अधिक टिकतात, पण पूर्णपणे टिकत नाहीत.

गुठळ्यांची भीती ओसरल्यावर ॲस्पिरीनची खरोखरच गरज आहे काय, हा प्रश्न विचारणे शक्य झाले. तोवर ते जुन्या वहिवाटीने दिले जात होते. ते देण्यास सबळ पुरावा कधीच नव्हता आणि हा प्रश्न इतक्या उशिरा विचारला गेला याचे समर्थन करणे कठीण आहे. नऊ देशांतील ६२८ रुग्णांपैकी निम्म्यांना वॉर्फारिनबरोबर ॲस्पिरीन व निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभर गुठळी, पक्षाघात वा मोठा रक्तस्राव यांपैकी काहीही न होता जगलेल्यांचे प्रमाण ॲस्पिरीन घेणाऱ्यांत ६८.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७४.२ टक्के होते. रक्तस्राव सु. एक-तृतीयांशाने कमी झाला आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. तेव्हापासून या पंपाच्या रुग्णांत, दुसरे काही कारण नसल्यास, ॲस्पिरीन वगळण्याकडे कल आहे. जुन्या पंपावर असलेल्या रुग्णांना हे निष्कर्ष लागू करता येत नाहीत.

भारतात हे पंप खर्चामुळे मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत बसविले जातात व रुग्ण पुष्कळदा तेथून दूर राहतात. रक्तस्राव झाल्यावर ते प्रथम जवळच्या दवाखान्यात पोहोचतात. नाडी न लागणारा, पण बोलणारा-चालणारा रुग्ण पाहून तेथे गोंधळ उडू नये आणि पंप बसविणाऱ्या केंद्राला विचारल्यावाचून क्लथनरोधी औषधे एकदम उलटविली जाऊ नयेत म्हणून पंपाचा प्रकार, चालू औषधे व केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड रुग्णाने सदैव जवळ बाळगणे इष्ट असते. हाइड संलक्षण यापेक्षा कितीतरी अधिक वैद्यांच्या पाहण्यात येण्याजोगे आहे. कारण न सापडणाऱ्या पांडुरोगाच्या वृद्ध रुग्णाच्या छातीला स्टेथॉस्कोप लावून महारोहिणी झडपेची मर्मर ऐकण्यास कसलेही यंत्र लागत नाही.